कट मारला आणि मर्सिडीज पलटी झाली

२१ ऑक्टोबर १९९७. 'टेक्निकेन्स व्हेर्ल्ड' या स्वीडनमधल्या वाहनविषयक नियतकालिकाचा पत्रकार रॉबर्ट कोलिन एका कोऱ्या करकरीत गाडीत बसला. गाडीत माणसं पुरेपूर भरलेली. समोर डांबरी पट्ट्यावर शंकू मांडून रस्ता आखलेला. करायचं एवढंच की ताशी साठेक किलोमीटरच्या वेगात ब्रेकला पाय न लावता डावीकडे कट मारायचा आणि लगेच उजवीकडे वळून मूळ लेनमध्ये परत यायचं. आपल्या एसटीचा ड्रायव्हर हेच दिवसातून दहा वेळा करतो, कधी खड्ड्यासाठी, कधी रस्त्यात बसलेल्या म्हशीसाठी. स्वीडनमध्ये म्हशीच्या जागी एल्क असतो, घोड्याहून उंच, लांब पायांचा हरीणवर्गातला प्राणी. त्याला धडक बसली की पाय बॉनेटखाली जातात आणि शेकडो किलोंचं धड थेट समोरच्या काचेवर येतं. त्यामुळे तिथे गाडीने चटकन कट मारणं हा जिवाचा प्रश्न असतो.

दुसऱ्या कटला गाडीची एका बाजूची चाकं उचलली गेली आणि गाडी पलटी झाली. आतल्या माणसांच्या जखमा किरकोळ होत्या.

गाडी होती मर्सिडीज ए-क्लास. जर्मनीत तिची विक्री सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते.

हे प्रकरण व्यवस्थापनाच्या वर्गांत 'संकटातून सावरलेल्या ब्रँडचा आदर्श' म्हणून सांगतात. मला ते निम्मंच पटतं. सावरलं हे खरं, पण कशामुळे सावरलं आणि त्यातून कंपनी काय शिकली, याची उत्तरं वर्गात सांगतात तितकी गोड नाहीत.

ताऱ्याचं वजन

दुसऱ्या कुठल्या कंपनीची गाडी अशी पडली असती तर बातमी आतल्या पानावर गेली असती. मर्सिडीजची पडली म्हणून ती जगभर गेली, कारण ही कंपनी इतकी वर्षं मुख्यतः एकच गोष्ट विकत आली होती: भरवसा. कार्ल बेन्झने २९ जानेवारी १८८६ रोजी तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटचा अर्ज केला. दोन वर्षांनी त्याची बायको बेर्था त्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीची सुधारित आवृत्ती मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत घेऊन गेली आणि हे यंत्र लांबच्या प्रवासाला चालतं हे तिने दाखवून दिलं. (माझ्या मते या कंपनीचा पहिला टेस्ट ड्रायव्हर आणि पहिली जाहिरातदार तीच.) गॉटलिब डाइमलरचं ब्रीद होतं, 'सर्वोत्तम, नाहीतर काहीच नाही.' १९२६ मध्ये दोन्ही घराणी एक होऊन डाइमलर-बेन्झ झाली.

पुढे सुरक्षिततेतले मोठे टप्पे एकामागून एक याच घरातून येत गेले. अपघातात गाडीची पुढची-मागची बाजू मुद्दाम चेपू द्यायची आणि माणसं बसतात तो पिंजरा मात्र ताठ ठेवायचा, ही कंपनीतल्या इंजिनीअर बेला बारेनीची कल्पना १९५९ च्या मॉडेलपासून रस्त्यावर आली. १९७८ मध्ये बॉशबरोबर केलेलं एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, एस-क्लासमध्ये बसलं. १९८० च्या सुमारास एअरबॅग आली. १९९५ मध्ये एस-क्लासच्या महागड्या कूपेत ईएसपी आलं, म्हणजे गाडी घसरू लागली की एकेक चाक स्वतंत्रपणे ब्रेक करून तिला सरळ करणारी यंत्रणा. हे नाव लक्षात ठेवा, गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे हा तारा, म्हणजे मर्सिडीजचं तीन टोकांचं बोधचिन्ह, आधी ट्रकवर दिसला. १९५४ मध्ये टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) डाइमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले आणि पुढची पंधरा वर्षं देशातल्या घाटाघाटांतून 'टाटा मर्सिडीज-बेन्झ' धापा टाकत चढली. मोटारीवरचा तारा पुण्यात आला तो १९९४-९५ मध्ये, टेल्कोच्याच पिंपरीच्या आवारात ई-क्लासची जुळणी सुरू झाली तेव्हा. म्हणजे ए-क्लास पडली तेव्हा मर्सिडीज पिंपरीची शेजारीण होऊन दोनच वर्षं झाली होती.

साडेतीन मीटरचा जुगार

ए-क्लास ही मर्सिडीजसाठी साधी 'छोटी गाडी' नव्हती. नव्वदच्या दशकात कंपनीला वय झाल्यासारखं वाटत होतं. गिऱ्हाईक पन्नाशीपुढचं, गाड्या मोठ्या आणि जड, आणि जपान्यांनी लेक्सस आणून आलिशान गाड्यांच्या बाजारात पाय रोवलेले. तरुण कुटुंबं, शहरात राहणारे, पहिल्यांदा तारा घेणारे यांना खेचायचं तर फोक्सवॅगन गोल्फसारख्या छोट्या गाडीच्या गिऱ्हाइकापर्यंत उतरायला हवं होतं. १९९३ मध्ये फ्रँकफर्टला प्रायोगिक रूप दाखवलं गेलं, मार्च १९९७ मध्ये जिनिव्हाला खरी गाडी आली. तिचं उत्पादन बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या राश्टाटच्या कारखान्यात सुरू झालं.

गाडी खरोखर हुशार होती. लांबी फक्त ३.५७ मीटर, पण आतली जागा तिच्याहून बऱ्याच मोठ्या गाडीसारखी. तारा लावलेली ही पहिलीच पुढच्या चाकांवर चालणारी मोटार. इतक्या आखूड नाकाच्या गाडीत समोरून धडक बसली तर इंजिन माणसांच्या मांडीवर येण्याचा धोका असतो. त्यावर इंजिनीअरांनी उपाय काढला तो दुमजली जमिनीचा. प्रवाशांच्या पायाखाली एक मजला, त्याखाली दुसरा, मध्ये पोकळी. इंजिन तिरकं बसवलेलं. धडकेत ते मागे न येता त्या पोकळीकडे, जमिनीखाली सरकायचं. सँडविचसारखी रचना म्हणून तिचं नावही सँडविच फ्लोअर.

तिची किंमत उंचीत मोजावी लागली. दोन मजल्यांमुळे माणसं नेहमीपेक्षा वर बसली, तीसेक किलोंच्या बॅगा आणि पाच माणसं सगळीच वर. चाकांमधलं अंतर आखूड, रुंदी माफक, सस्पेन्शन आरामासाठी मऊ. भौतिकशास्त्रातली बारावीची आकडेमोड आहे ही: गुरुत्वमध्य जितका वर आणि चाकांची रुंदी जितकी कमी, तितकी गाडी आडवी व्हायला कमी जोर लागतो. पहिल्या कटला गाडी एका बाजूला झुकते, दुसऱ्या कटला ती झुक उलटी होते आणि साठलेली सगळी हालचाल दुसऱ्या बाजूला फेकली जाते. त्या क्षणी टायरनी रस्ता घट्ट धरला तर गाडी घसरत नाही, उलथते. खेळणाऱ्या मुलाचा बूट उंबऱ्याला अडकावा तसं.

तीन आठवडे

सुरुवातीला कंपनीने जे केलं, ते बहुतेक कंपन्या करतात. गप्प राहिली, मग कुरकुर केली. ही चाचणी प्रमाणित नाही, परिस्थिती टोकाची होती, दोष टायरचा असू शकतो. टायर गुडइयरचे होते, त्यांच्याकडे बोट गेलं. तोवर युरोपभरच्या टीव्हीवर पलटी झालेली मर्सिडीज फिरत होती. जर्मन पत्रकारांनी चाचणीला 'एल्खटेस्ट' हे चटपटीत नाव दिलं, म्हणजे एल्क-चाचणी. स्वीडिश नावात एल्क नव्हताच, ती नुसती 'चुकवण्याची चाचणी' होती. पण एक प्राणी मध्ये आला आणि गोष्ट प्रत्येकाच्या तोंडी बसली. हा शब्द जर्मन शब्दकोशात गेला आणि आज तिथे कुठल्याही कसोटीला, राजकारणातल्या सुद्धा, 'एल्खटेस्ट' म्हणतात.

मग आला तो खरा झोंबणारा घाव. पूर्व जर्मनीची ट्रॅबंट, जिची बॉडी पत्रा सोडून भलत्याच गोष्टीची म्हणून थट्टा व्हायची ती धूर ओकणारी खेळण्यासारखी गाडी, हीच चाचणी न पडता पार करते हे दाखवलं गेलं. ट्रॅबंटचं उत्पादन १९९१ मध्येच बंद झालं होतं. सहा वर्षांपूर्वी मेलेल्या समाजवादी गाडीने भांडवलशाहीच्या मुकुटमण्याला लाजवलं, यापेक्षा चांगला विनोद जर्मनांना सापडणार नव्हता.

२९ ऑक्टोबरला, अपघातानंतर आठव्या दिवशी, कंपनीने पहिला ठोस निर्णय जाहीर केला: वेगळे टायर, आणि प्रत्येक ए-क्लासला ईएसपी, किंमत न वाढवता. एस-क्लाससारख्या गाड्यांतली यंत्रणा कंपनीच्या सर्वांत स्वस्त गाडीत. तरी टीका थांबली नाही. विचारणारे विचारत होते की इलेक्ट्रॉनिक्स लावून तोल सावरायचा म्हणजे मुळात तोल नाही हे कबूल करणंच ना? ११ नोव्हेंबरला दुसरा निर्णय आला आणि तो जड होता. गाड्या देणं बारा आठवडे बंद. तेवढ्यात सस्पेन्शनची फेरजुळणी: गाडी थोडी खाली बसवायची, स्टॅबिलायझर (गाडीची झुक रोखणारे दांडे) ताठ करायचे, मागची बाजू सुधारायची, नवे टायर लावायचे. आधीच विकलेल्या गाड्या परत बोलावून त्याही दुरुस्त करायच्या. डाइमलर-बेन्झचे प्रमुख युर्गेन श्रेम्प आणि मोटार विभागाचे युर्गेन हुबेर्ट यांच्यासाठी हा कडू घोट होता. खर्चाचा अंदाज सुमारे ३० कोटी मार्क.

याच काळात टेनिसपटू बोरिस बेकरला घेऊन जाहिराती आल्या. आशय असा की पराभवातून माणूस यशापेक्षा जास्त शिकतो. जाहिरात छान होती, पण ती आधी आली असती तर लोकांनी तिची टिंगल केली असती. ३० कोटी मार्क मोजल्यावर ती खरी वाटली.

तेवढ्यात दुसरं पोरही अडखळलं. मर्सिडीज आणि घड्याळवाले स्वॉच मिळून फ्रान्समधल्या हाम्बाखला 'स्मार्ट' ही दोन माणसांची गाडी बनवत होते. तीही आखूड आणि उंच. डिसेंबर १९९७ मध्ये तिचं बाजारात येणं पुढच्या वर्षीच्या वसंतातून ऑक्टोबरपर्यंत ढकललं गेलं. एकाच घरात एकाच वर्षी दोन गाड्यांचा तोल जातो तेव्हा कारण एखाद्या बोल्टमध्ये नसतं, ठरवणाऱ्या टेबलावर असतं.

कोणाचं चुकलं

मला विचाराल तर चाचणीचा दोष नाही, टायरचा तर नाहीच. गाडीचा ढाचा ठरवताना 'ताऱ्याची गाडी कशी असावी' यावर जितकी डोकी लागली, तितकी 'रस्त्यावर घाबरलेला माणूस स्टेअरिंग कसं फिरवतो' यावर लागली नाहीत. मर्सिडीजचे चाचणीवाले कसलेले लोक. पण कसलेला ड्रायव्हर घाबरत नाही, आणि घाबरला तरी त्याचे हात शहाणे असतात. उलट बायको-मुलं आणि डिकीभर सामान घेऊन निघालेला गृहस्थ हात झटकतो, जमेल तेवढं फिरवतो आणि मग उलट फिरवतो. कोलिनने या गृहस्थाची नक्कल केली, इतकंच.

गाडी तयार करताना कंपनीने तिला हजारो किलोमीटर पळवलं असणार यात शंका नाही. तरी नेमकी ही एक हालचाल, गच्च भरलेल्या गाडीने, सामान्य माणसाच्या हातून, तपासायची राहून गेली. इंजिनीअरिंगमधल्या बहुतेक फजित्यांची गोष्ट अशीच असते. सगळं तपासलेलं असतं, फक्त जे होणार ते नाही.

आणि आठ दिवसांची ती कुरकुर? तिच्यामागे भीतीपेक्षा अहंकार जास्त होता असं मला वाटतं. शंभर वर्षं 'आम्ही सांगतो, जग ऐकतं' या सवयीच्या कंपनीला एका स्वीडिश नियतकालिकाने चार शंकू मांडून धडा शिकवावा, हे पचायला वेळ लागला. पहिल्याच दिवशी 'आम्ही बघतो, तोवर गाड्या देत नाही' असं म्हटलं असतं तर ट्रॅबंटचा विनोद जन्मालाच आला नसता.

उपाय आणि मलमपट्टी

फेब्रुवारी १९९८ च्या शेवटी गाडी पुन्हा विक्रीला आली. लोकांनी ती घेतली, भरपूर घेतली. २००४ मध्ये दुसरी पिढी येईपर्यंत पहिल्या ए-क्लासच्या अकरा लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. म्हणून वर्गात 'आदर्श' म्हणतात.

माझा आक्षेप ईएसपीबद्दल आहे आणि माझं कौतुकही ईएसपीबद्दलच आहे. हे दोन्ही एकत्र कसं, ते सांगतो. ईएसपीमध्ये एक सेन्सर स्टेअरिंगचा कोन मोजतो, म्हणजे ड्रायव्हरला कुठे जायचंय ते. दुसरा गाडी आपल्या उभ्या अक्षाभोवती किती गरकन फिरतेय ते मोजतो. प्रत्येक चाकाचा वेगही कळतो. ड्रायव्हरची इच्छा आणि गाडीची हालचाल यांत तफावत पडली की संगणक एखाद्याच चाकाचा ब्रेक दाबतो आणि इंजिनचा जोर कमी करतो. सेकंदाच्या छोट्याशा भागात हे घडतं, आपल्याला कळायच्या आत. गाडी उलथण्याआधीच ती वेग गमावते आणि थोडी सरळ होते. उत्तम. पण ए-क्लासच्या बाबतीत ही यंत्रणा मुळातल्या उंचीच्या चुकीवर घातलेलं अत्यंत महाग, अत्यंत हुशार ठिगळ होती. म्हणून ११ नोव्हेंबरचा निर्णय, सस्पेन्शन बदलण्याचा, माझ्या लेखी २९ ऑक्टोबरच्या निर्णयापेक्षा जास्त प्रामाणिक. वर्गात मात्र ईएसपीचीच गोष्ट सांगतात, कारण ती सांगायला सोपी.

आणि तरीही त्या ठिगळाने जगाचं भलं केलं. छोट्या गाडीत ईएसपी आलं म्हटल्यावर ते श्रीमंतांची चैन राहिलं नाही. मागणी वाढली, भाव उतरला, बाकीच्यांना मागे राहणं परवडेना. १९९९ पर्यंत मर्सिडीजच्या सगळ्या मोटारींत ते आपसूक आलं. अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं केलं, युरोपियन युनियनने २०११ च्या नोव्हेंबरपासून नव्या मॉडेलांना आणि २०१४ च्या नोव्हेंबरपासून सगळ्या नव्या गाड्यांना. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-मानांकनात तीन आणि त्याहून जास्त तारे हवे असतील तर ही यंत्रणा असावीच लागते. ताम्हिणीत पावसात एखाद्या वळणावर तुमच्या डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकून गेलं असेल, तर समजा की त्या शंकूंचा हात तुमच्या पाठीशी होता.

चाचणीलाही प्रतिष्ठा मिळाली. मर्सिडीज म्हणत होती की ती प्रमाणित नाही. पुढे अडथळा चुकवण्याच्या दोन लेनच्या हालचालीचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, शंकूंमधली अंतरं ठरवून. स्वीडिश पत्रकार मात्र आपल्याच पद्धतीने कट मारत राहिले. २०१२ मध्ये जीप ग्रँड चेरोकी त्यांच्या हातून डगमगली तेव्हा क्रायस्लरने आक्षेप घेतला. २०१६ मध्ये टोयोटा हायलक्सची चाकं हवेत गेली. प्रत्येक वेळी कंपनीची पहिली प्रतिक्रिया साधारण तीच.

शिकली का?

वर्गात इथे टाळ्या वाजतात. पण मर्सिडीजच्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांकडे बघा. १९९८ मध्ये क्रायस्लरशी विलीनीकरण झालं आणि लक्ष तिकडे वळलं. दर्जाच्या तक्रारी वाढत गेल्या. २००५ मध्ये कंपनीने जगभरातून सुमारे तेरा लाख गाड्या परत बोलावल्या, त्यात इलेक्ट्रॉनिक ब्रेकिंगचेही दोष होते. 'सर्वोत्तम, नाहीतर काहीच नाही' म्हणणाऱ्या घराची ही संख्या आहे. आणि २०२० मध्ये डिझेल गाड्यांच्या धुराच्या प्रकरणात अमेरिकेतल्या सरकारी आणि खासगी दाव्यांसाठी डाइमलरला दोन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम कबूल करावी लागली. एल्क समोर दिसतो म्हणून त्याची लाज वाटते. धूर दिसत नाही.

म्हणून 'संकटातून ब्रँड उजळला' या वाक्याला मी थोडं खरवडून बघतो. त्या एका गाडीपुरता ब्रँड उजळला, कारण नुकसान टीव्हीवर दिसत होतं आणि भरपाईही लोकांना गाडीत हात लावून बघता आली.

राहिली ती दुमजली जमीन. ती नुसती धडकेसाठी नव्हती. आराखडा करणाऱ्यांच्या मनात होतं की उद्या त्या पोकळीत बॅटऱ्या किंवा इंधन-सेल (हायड्रोजनपासून वीज करणारे) बसतील. झेब्रा जातीच्या बॅटऱ्या घालून विजेवरच्या ए-क्लास बांधूनही पाहिल्या, पुढे इंधन-सेलवरच्या गाड्याही रस्त्यावर फिरल्या. पण बाजारात गेली ती पेट्रोल-डिझेलची, आणि त्या गाड्यांत पोकळी बरीचशी पोकळीच राहिली. जड बॅटऱ्या खाली बसल्या असत्या तर गुरुत्वमध्य आपोआप उतरला असता. त्या नाहीत, पण त्यांच्यासाठी केलेली उंची मात्र आहे, अशी ती गाडी. आज विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत बॅटरी पायाखाली असते आणि म्हणूनच त्या एवढ्या जमिनीला चिकटून वळतात.

२०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या ए-क्लासमध्ये सँडविच फ्लोअर नव्हता. गाडी खाली बसलेली, लांब नाकाची, दिसायला चारचौघींसारखी. पुढच्या वर्षी भारतात आली ती हीच.